चार मिनिटांचा दगड

भिवंडी बघायला म्हणून कुणी जात नाही. मीही गेले नव्हते. लोक शिमल्याला जातात, फार तर कोकणात जातात आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना फोटो दाखवतात. मी परत आले तेव्हा शिक्षकखोलीत एकीने विचारलं, "काय बघितलंस गं भिवंडीत?" आणि मला पटकन सांगता येईना. एक दगड बघितला असं सांगितलं असतं तर सगळ्या हसल्या असत्या. म्हणून हे लिहून काढतेय.

मी बार्शीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, आणि नकाशा हा माझा आवडता धडा. दिशा, सूची, प्रमाण, उत्तरेचा बाण, सगळं पंचवीस वर्षं मुलांकडून घोटून घेतलंय. त्यामुळे 'मी काही रस्ता चुकणार नाही' हा माज अंगात आधीपासून होता, तो कबूल केलेला बरा.

माझी मुलगी रेवती, वय चोवीस, बी.कॉम., दहा महिन्यांपासून भिवंडीत राहनाळच्या बाजूला एका मोठ्या गोदामात कामाला आहे. लोक घरबसल्या फोनवरून जे मागवतात, ते तिथून सगळीकडे जातं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "आई, रूमवर आहे. जेवतेय आता. ठेवू?" चार मिनिटं झाली की ठेवायची. मी चिडायची. आईला चार मिनिटं आणि मैत्रिणींना तास तास! मग दिवाळीच्या आधी तिचे फोनच थांबले. मंगळवार गेला, बुधवार गेला. मेसेजवर एकच बारीक खूण, दुसरी काही येईना. कंपनीच्या नंबरवर एक मशीन हिंदीत बोलायचं, एक दाबा, दोन दाबा करत मला फिरवायचं आणि पुन्हा पहिल्या जागी आणून सोडायचं.

त्यातच दुसरं प्रकरण. बार्शीतल्या एका पतसंस्थेत क्लार्कची जागा निघाली होती. माझ्या दिरांनी शब्द टाकला आणि मी चेअरमनांच्या घरी जाऊन "रेवती येईल" असं सांगून आले. रेवतीला विचारलं नव्हतं. फोन लागत नव्हता हे खरं. पण लागला असता तरी विचारलं असतं का, हे मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही. सोमवारी अकरा वाजता तिने येऊन सही करायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. शनिवारी निघायचं, रविवारी रात्रीच्या गाडीला तिला बसवायचं आणि सोमवारी सकाळी सरळ पतसंस्थेत, असा बेत. हे म्हणाले, "मी येतो बरोबर." म्हटलं, "तुम्ही राहू द्या, तुम्ही वाटेत कुणाशी तरी भांडाल." खरं तर भांडते मी.

निजामपुरा, शनिवार

बसले आणि उतरले, एवढाच तिथवरचा प्रवास. कल्याणहून रिक्षाने भिवंडीत शिरले तेव्हा पाच वाजले होते. मुक्काम शमीमकडे. शमीम निजामपुऱ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. वीस वर्षांपूर्वी पुण्यात एका प्रशिक्षणात आम्ही दहा दिवस एका खोलीत राहिलो, तेव्हापासून ईदला माझा आणि दिवाळीला तिचा फोन ठरलेला. तिने घराची खूण फोनवर पाठवली होती. फोनमधली बाई सांगत होती, "पन्नास मीटरवर उजवीकडे वळा." पन्नास मीटरवर उजवीकडे भिंत होती आणि भिंतीपलीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, खडखडत होते. मी थांबले, तर नकाशावरचा निळा ठिपका माझ्याशिवायच पुढच्या गल्लीत निघून गेला. मी मागे वळले, तो मागे येईना. गल्ली इतकी अरुंद, की सूत गुंडाळलेले लांबलचक बीम घेऊन हातगाडी आली तेव्हा मला पानटपरीच्या फळीला चिकटून उभं राहावं लागलं.

"किसका घर चाहिए?" पानवाल्याने विचारलं.

मी नाव सांगितलं. त्याने नुसतं वर बोट केलं. मी शमीमच्याच घराखाली उभी होते, आणि ती गॅलरीतून दोन्ही हात हलवत होती.

"मंगल, अगं वर बघ ना! दहा मिनिटं झाली, गोल गोल फिरतेस. मी आवाज देऊन देऊन थकले, पण ह्या लूममध्ये काय ऐकू येणार?"

तिच्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचेच लूम आहेत. जमीन सतत हलकी थरथरते, कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उमटतात. मला पहिला तासभर डोकं धरून बसावंसं वाटलं. मध्येच वीज गेली, सगळं एकदम गप्प झालं आणि घरातले सगळे बोलता बोलता थांबून एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना शांतता टोचते. शुक्रवारी लूमना सुट्टी असते, त्या दिवशी नातवंडं नीट झोपत नाहीत, असं शमीम सांगत होती.

माझा शनिवार असतो हे तिच्या वीस वर्षांनीही लक्षात होतं. वालाचं बिरडं केलं होतं, नारळाच्या दुधातलं, आणि तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र रोट्या. आमच्याकडे कशातही शेंगदाण्याचं कूट पडतं, इथे कशातही नारळ. ज्वारीच्या भाकरीला जरा चावावं लागतं, ही रोटी तोंडात घालताच नाहीशी होते, मग चार खाल्ल्या तरी जेवल्यासारखं वाटत नाही. मी तसं बोलून दाखवलं. शमीमने पाचवी वाढली.

"न्यायला आलीस की भेटायला?" तिने विचारलं.

"न्यायला. सोमवारी सही आहे."

"तिला माहिती आहे?"

मी रोटी मोडत राहिले. शमीमने बिरड्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "जेव आधी," म्हणाली.

झोप लागली नाही. रेवतीने इथे येऊन रूम घेतली तेव्हा फोनवर एक लाल पिन पाठवली होती, "ही माझी नवी जागा." ती उघडून मी पुन्हा पुन्हा बघत होते. पिनच्या आसपास घर नाही, रस्त्याला नाव नाही, एका बाजूला खाडीचा निळा पट्टा. पोरगी काय खाडीत राहते? मी नकाशा शिकवणारी बाई, मी ठरवून टाकलं की पिन चुकलेली आहे. तिने बोलताना एकदा 'पाटलांची चाळ' म्हटलेलं आठवत होतं. ते टाकून शोधलं तर फोनने लगेच एक पाटील चाळ दाखवली, शेलार गावात. घरं, रस्ते, दुकान, सगळं व्यवस्थित छापलेलं. मला ते पटलं.

शेलार, रविवार सकाळ

रिक्षावाला रफीक शमीमच्या ओळखीचा, मूळचा उत्तर प्रदेशातला, भिवंडीत पंधरा वर्षं. मी फोन पुढे धरला. त्याने बघितलाही नाही.

"मॅडम, मॅप रहने दो. कंपाउंड बोलो, नहीं तो काटा बोलो. कौनसे काटे के पास?"

कंपाउंड म्हणजे गोदामांचं आवार, काटा म्हणजे ट्रक वजन करायचा काटा. भिवंडीबाहेरच्या ह्या गोदामांच्या पट्ट्यात माणसं देवळावरून किंवा शाळेवरून पत्ता सांगत नाहीत, काट्यावरून सांगतात. मला ना कंपाउंडचं नाव माहीत, ना काटा. मी ऐटीत म्हटलं, "मॅप जैसा बोलेगा वैसा चलो." तो चालला बिचारा.

शेलारला चाळ मिळाली. ओट्यावर एक आजोबा दाढी करत बसले होते. गोदामात काम करणाऱ्या मुली इथे राहतात का, म्हणून विचारलं.

"न्हाय. कुठल्या पाटलांची चाल पायजे?"

"किती पाटील आहेत?"

"हितं दगूड मारला तर पाटलालाच लागंल," आजोबा गालावरचा फेस पुसत म्हणाले. "राहनालची गोदामं वायली, त्या अंगाला. तुमी उलट्या आलात."

रफीक एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. अकरा वाजत आले होते. रात्रीची गाडी, सोमवारची सही, सगळं छातीवर बसायला लागलं होतं. त्याला म्हटलं, "अब वो लाल पिन पे चलो, जहाँ भी है."

राहनाळच्या पुढे

गोदामं सुरू झाली की गाव संपतं असं वाटतं, पण तसं नसतं. पत्र्याच्या दोन अवाढव्य शेडमध्ये मध्येच एक भाताचं शेत उभं असतं, कापणीला आलेलं, आणि त्याच्या बांधावर कंटेनर लावलेला असतो. ट्रकांच्या नंबरप्लेटवर अख्खा भारत वाचून होतो. माझ्या वर्गाला इथे आणलं तर राज्यांचा धडा एका तासात उरकेल. एका ट्रेलरच्या खाली साडीची झोळी बांधून ड्रायव्हर झोपला होता, शेजारी दुसरा चाकाला टेकून स्टोव्हवर वांगं भाजत होता. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर पडून चारी बाजूंनी अंगावर येत होतं.

दुसऱ्या वळणाला फोनमधली बाई अर्ध्या वाक्यात थांबली. "दोनशे मीटरवर," एवढं म्हणाली आणि संपलं. नकाशावरचे रस्ते पुसले गेले, नुसते राखाडी चौकोन उरले. रफीकने रिक्षा बाजूला घेतली.

"यहाँ से सबका फोन मर जाता है, मॅडम. ये सब पत्रा है ना."

पण ठिपका जिवंत होता. राखाडी पाटीवर माझा निळा ठिपका आणि रेवतीची लाल पिन, दोन्ही दिसत होते. मधला रस्ता तेवढा गायब. पुढे रिक्षा जाईल इतकी वाट नव्हती. रफीकला परत पाठवलं, त्याचा नंबर घेतला (नंबर घेऊन काय करणार होते देव जाणे) आणि ठिपका पिनच्या दिशेने सरकवत चालायला लागले. ठिपक्याला शेत कळत नाही, कुंपण कळत नाही आणि चिखल तर मुळीच कळत नाही. सरळ रेघेत गेले ती खाजणात उतरले. बार्शीत चिखल म्हणजे वर्षातून चार दिवसांचा पाहुणा, तोही पाय पुसला की जातो. हा खाडीचा काळा चिखल. डावी चप्पल त्याने ठेवून घेतली ती दिलीच नाही. हात कोपरापर्यंत घालून शोधली, मग उजवीही काढून हातात घेतली आणि रडकुंडीला येऊन, कुणाकुणाला शिव्या देत, पलीकडच्या बांधावर चढले.

तिथे एक मोरी होती. खालून नाला, पुढे उघडी खाडी, पत्र्याची शेड कुठेही आड नाही. मोरीच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा एक सपाट दगड, बाजूला चहाची टपरी. आणि माझ्या हातातला फोन एकदम थरथरायला लागला. एक, दोन, सात, अकरा मेसेज. सगळे ह्यांचे. ठिपका पिनवर जाऊन बसला होता. घर मात्र एकही नव्हतं.

मोरी

टपरीच्या बाकावर तीन माणसं बसली होती: पाठीवर पार्सलची पोतडी घेतलेला एक मुलगा, एक ट्रक ड्रायव्हर आणि लग्नपत्रिकांची पिशवी घेतलेले एक गृहस्थ. तिघांच्याही हातात फोन, तिघांच्याही चेहऱ्यावर माझेच भाव. टपरीची मालकीण, साठीची, नऊवारीचा काष्टा मारलेली, माझ्या पायांकडे बघत होती.

"बस गो बाय. पाय धू आधी. तू पन लाल टिकलीवरशी आलीस ना?"

"लाल टिकली?"

"ती फोनातली. सगले हितंच येतात. परवा एक वऱ्हाड आलं, नवरीसकट! लगीन पल्याड, आन टिकली हितं."

गोदामातल्या मुली हिला भोईर काकू म्हणतात, ते मला नंतर कळलं. आजूबाजूची काही शेतं तिच्याच घरातली, आता तिथे गोदामं आहेत. मुलं म्हणतात आई आता घरी बस. "घरात बसून भिंतीशी बोलू काय?" म्हणून ती टपरी चालवते. तिने मला पाणी दिलं, चहा दिला, स्वतःची जुनी रबरी चप्पल दिली आणि मग सगळा उलगडा केला.

"घरात रेंज न्हाय. चालीत न्हाय, कंपनीत न्हाय. म्हून मानूस हितं येतो, दगडावर उभा ऱ्हातो आन टिकली पाठवतो, 'मी हितं हाय.' हाय ना तो हितं! खोटं न्हाय बोलला. पन त्याचं घर कुठं हितं हाय?"

पत्रिकावाले गृहस्थ कपाळावर हात मारून हसले. मला हसू येईना. मी दगडाकडे बघत होते.

"आणि फोन? फोनही इथूनच करतात?"

"मंग कुठून? सांजच्याला आठ-दहा पोरंपोरी रांगेत असतात. दगड एक. खाली उतरला का कट. म्हून कायदा केलाय, एका मानसाला चार मिनटं." तिने टपरीत टांगलेल्या घड्याळाकडे मान केली. "मी बगते. पाचवं मिनट पायजे तर रांगेत मागं जा. आईला असो का मालकाला."

चार मिनिटं. रूमवर आहे, जेवतेय, ठेवू? दहा महिने माझी पोर ह्या रस्त्याच्या कडेला, मागे आठ-दहा माणसांची रांग असताना माझ्याशी बोलत होती, आणि मी फोन उचलल्या उचलल्या 'आता लगेच ठेवू नकोस' म्हणून ओरडत होते. मला लाज वाटली. साधी, सरळ लाज. मी पदराने तोंड पुसत बसले आणि भोईर काकूंना वाटलं मला ऊन लागलंय.

रेवतीचं नाव सांगितलं. काकू उभ्याच राहिल्या. "रेवू? नकाशेवाली? तू रेवूची आई, मास्तरीन?"

टपरीच्या मागच्या पत्र्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक मोठा कागद लावलेला होता. मी उठून जवळ गेले. हाताने काढलेला नकाशा. मोरी, दगड, दोन्ही काटे, कंपाउंडांची नावं, कोणाची चाळ कुठे, कोणतं फाटक ट्रकसाठी बंद असतं, सगळं. खाली कोपऱ्यात सूची. जिथे रेंज नाही तो भाग तिरप्या रेघांनी भरलेला. आणि वर उत्तरेचा बाण, त्याला तीन काड्यांची शेपटी. तशी शेपटी कुठल्याच पुस्तकात नसते. ती माझ्या वर्गातली मुलं काढतात, कारण मी तशी काढते.

"दर रविवारी येऊन काय ना काय लिवते. ही ट्रकवाली मानसं फोटू काढतात आन फोटू बगत आत जातात. फोटूला रेंज लागत न्हाय ना," काकू म्हणाल्या.

"पाच दिवस फोन नाही आला तिचा."

"सीझन हाय ना बाय. बारा बारा तास ड्युटी. फोन गेटवर ठेवतात, सुटतात तवर काळोख. काळोखात पोरींना मी हितं येऊ देत न्हाय. आज अर्धी शिफ्ट हाय, दोनला सुटंल. बस तवर."

दीड वाजला होता. बस म्हटलं की मला बसवत नाही. तिघा पुरुषांनी नकाशाचा फोटो काढला तसा मीही काढला, आणि निघाले. पहिला काटा, डावीकडे पिंपळ, दुसरा काटा, निळ्या फाटकाच्या मागची वाट. एकही वळण चुकले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याने काढलेल्या नकाशातली एकही चूक शोधली नाही.

त्या वाटेवर समोरून मुलींचा घोळका आला. चमकत्या पट्ट्यांची हिरवी जाकिटं, गळ्यात कार्डं, सगळ्या एकसारख्या. एक त्यातून बाहेर आली आणि जागीच थांबली.

"आई? तुझ्या पायात काकूंची चप्पल काय करतेय?"

पाटलांची चाळ

ही पाटलांची चाळ शेलारच्या चाळीसारखी नाही, नकाशावर अजिबात नाही. दहा बाय दहाची खोली, चार मुली, दोरीवर चौघींचे कपडे, कोपऱ्यात पाण्याचे कॅन. मी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. एक जळगावची, एक विदर्भातली, एक बिहारची, तिघींनी मिळून पहिल्या पाच मिनिटांत निम्मी चटणी संपवली. मग शहाण्या मुली, कपडे धुवायचं निमित्त करून बाहेर गेल्या.

रेवती बारीक झाली होती. बोटांवर चिरा होत्या, खोक्यांची टेप ओढून ओढून पडलेल्या. मी तिचा हात धरला तो तिने हळूच सोडवून घेतला.

"रोज खोटं बोललीस," मी म्हटलं. "रूमवर आहे म्हणायचीस."

"मग काय सांगायचं? मागे ट्रक आहेत, पुढे खाडी आहे, रस्त्यावर उभी आहे असं? तू त्याच दिवशी मला न्यायला आली असतीस."

"आलेच आहे मी न्यायला."

मी फॉर्म काढून तिच्यासमोर ठेवला. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. खाली तिचं नाव, आमचा पत्ता, सगळं माझ्या अक्षरात भरलेलं होतं, फक्त सहीची जागा रिकामी.

"कुणी हो म्हटलं?"

"मी."

"मला विचारलंस?"

"फोन लागत नव्हता."

"लागत होता तेव्हा कधी काय विचारलंस आई? जेवलीस का, कपडे वाळले का, पैसे पुरतात का. दहा महिन्यांत एकदा तरी विचारलंस, तू तिथे काय काम करतेस?"

"चार मिनिटांत आणखी काय काय विचारायचं गं?" मी चढ्या आवाजात म्हटलं. बाहेर कपडे आपटण्याचा आवाज थांबला. रेवतीने फॉर्म उचलून माझ्याकडे सरकवला. तिने काही बोलण्याची गरजच नव्हती, मी आवाज चढवते तेव्हा माझी बाजू लंगडी असते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी फॉर्म तसाच राहू दिला. थोड्या वेळाने विचारलं, "काय काम करतेस?"

आधी तिला वाटलं मी टोमणा मारतेय. मग सांगायला लागली. पहिले सहा महिने नुसती खोकी बांधली. मग एकदा एक ट्रक तीन तास ह्या मोरीवर उभा राहिला, कारण त्यालाही लाल टिकली मोरीवरची दिली होती. हिने कागदावर रस्ता काढून दिला. मग साहेबांनी तिला माल रवाना करणाऱ्या टेबलावर घेतलं. आता प्रत्येक ड्रायव्हरला ती एक चिठ्ठी छापून देते: इथपर्यंत फोन चालेल, इथून चालणार नाही, त्याआधी फोटो काढून ठेवा, दुसऱ्या काट्यानंतर डावीकडे. फक्त भिवंडीतलं नाही, वाड्याकडचं, मोखाड्याच्या घाटातलं, जिथे जिथे फोन मरतो तिथलं. ड्रायव्हर परत आले की ती त्यांना बसवून विचारते, कुठे अडकलात, आणि वहीत उतरवून घेते. तिने वही दाखवली. दीड तास ती बोलत होती आणि मी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. माझ्यासाठी हा विक्रमच म्हणायचा.

मग मी सरळ विचारलं. "येतेस का बार्शीला?"

"नाही."

"दमतेस इथे."

"दमते. हात दुखतात. रात्री कधी कधी तुझी आठवण येते आणि दगडापर्यंत जाता येत नाही, तेव्हा रडायलाही येतं. तरी नाही." तिने वही मिटली. "इथे माणसं मला विचारतात आई, रेवती, हा रस्ता कुठे जातो? तिकडे मला कोण काय विचारणार आहे?"

मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. मी उठले आणि चौघींच्या पाण्याचे रिकामे कॅन ओळीने लावून ठेवले.

पुन्हा मोरी, पाच वाजता

रविवार म्हणून रांग मोठी होती. रेवती म्हणाली, काकू तुला मध्ये सोडतील. मी म्हटलं, नको, मी रांगेत उभी राहते. पाऊण तास लागला. खाडीवरून वारा येत होता, त्याला सुक्या मासळीचा वास होता आणि मला तो सकाळइतका नकोसा वाटला नाही. माझा नंबर आला तेव्हा काकूंनी हात धरून मला दगडावर चढवलं आणि घड्याळाकडे बघितलं.

पहिल्याच रिंगला ह्यांनी उचलला. "कुठे होतीस? निघालात का दोघी?"

"अहो, ती येत नाहीये."

"म्हणजे? फॉर्म दिलास ना?"

"दिला. वाचला तिने. मग मी तिला विचारलं, आणि ती नाही म्हणाली."

"अगं, शब्द दिलाय आपण त्यांना!"

"आपण नाही. मी दिलाय. उद्या शाळेआधी मीच जाईन चेअरमनांकडे. भावजींनाही मीच सांगेन. तुम्ही कुणाला काही बोलू नका."

पलीकडे ते बराच वेळ गप्प राहिले. त्या गप्प बसण्यात किती सेकंद जातायत हे मी कधी मोजलं नव्हतं, आज मोजत होते.

"बरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बारीक झालीय. हाताला चिरा पडल्यात. बरी आहे."

"तू समजावलं नाहीस तिला? तू मनावर घेतलंस तर..."

"नाही समजावलं."

रेवती टपरीमागे एका ट्रक ड्रायव्हरला नकाशावर बोट ठेवून काहीतरी सांगत होती. तो मान डोलवत होता. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि मला माहीत होतं की तिचा एक कान इकडेच आहे.

"बाय, एक मिनट ऱ्हायलं," काकू म्हणाल्या.

"मी निघते आता," मी ह्यांना म्हटलं. "सकाळी स्टँडवर या न्यायला."

"मी परतीच्या दोन सीट काढल्या होत्या ना गं," ते म्हणाले. "शेजारी-शेजारी."

"हो," मी म्हटलं. "एकीवर पिशवी ठेवीन."